पावसात वेग सोडावा, श्रम नव्हे

जुलैचा पहिला रविवार. पहाटेचे साडेपाच वाजले होते. कात्रजच्या चौकातील दिवे अजून विझले नव्हते आणि त्यांच्या पिवळ्या उजेडात पावसाची भुरभुर स्पष्ट दिसत होती. आमच्या सायकल मंडळाच्या ‘फास्ट ग्रुप’चे अकरा जण जमले होते. मंडळात तीन गट आहेत. एक रमतगमत जाणाऱ्यांचा, दुसरा मध्यम गतीचा आणि तिसरा आमचा. सपाट रस्त्यावर ताशी चौतीस-पस्तीस किलोमीटरचा वेग तासभर टिकवता आला, तरच या तिसऱ्या गटात प्रवेश मिळतो. बँकेतील एक अधिकारी, एक दंतवैद्य, एक हिशेबतपासनीस, महाविद्यालयातील एक प्राध्यापिका, काही संगणक अभियंते असा हा गोतावळा. धाकट्याचे वय चोवीस, थोरला मी, एक्कावन्न वर्षांचा. आमच्यापैकी कोणाचेही पोट सायकलीवर चालत नाही. सोमवारी सकाळी प्रत्येकाला आपापल्या कामावर हजर व्हायचे असते. ही साधी गोष्ट त्या पहाटे आम्ही विसरलो होतो, म्हणून ती आरंभीच सांगून ठेवतो.

निघताना पत्नी म्हणाली होती, “पाऊस आहे, आजचा दिवस राहू द्या.” मी नेहमीचे उत्तर दिले, “भिजल्याने कोणी विरघळत नाही.” त्यावर ती एवढेच म्हणाली, “विरघळण्याची भीती नाहीच मला. घसरण्याची आहे.”

बेत ठरलेला होता. जुन्या कात्रज घाटाने चढून बोगदा ओलांडायचा, शिंदेवाडीस उतरायचे, मग सातारा रस्त्याने खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कामथडी, कापूरहोळ, किकवी करीत सारोळ्यापर्यंत जायचे आणि नीरेचा पूल दिसला की मागे वळायचे. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर. आमच्यातील चौघांनी पुणे ते गोवा या ६४३ किलोमीटरच्या ‘डेक्कन क्लिफहँगर’ स्पर्धेत पाळीपाळीने सायकल चालवणारा संघ म्हणून उतरायचे ठरवले होते. पावसाळा संपून महिना उलटतो न उलटतो तोच ही स्पर्धा येते. तेव्हा पावसाळ्यात घरी बसून कसे भागणार, असा सर्वांचा युक्तिवाद होता.

या वेडाला अलीकडच्या काळात मोठे बळ मिळाले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी, जवळजवळ पाच हजार किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करून आले. २०१७ मध्ये डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. हे चौघेही डॉक्टर, आपापला व्यवसाय सांभाळून सराव करणारे. ‘त्यांना जमते, मग आपल्याला का नाही?’ हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्रातील अनेक मध्यमवयीन घरांत विचारला जाऊ लागला. प्रश्न उत्तमच आहे. पण त्यांच्या यशामागील वर्षानुवर्षांची शिस्त आपल्या नजरेतून निसटते आणि डोळ्यांत भरतो तो केवळ वेग.

चाकामागे चाक

सायकलस्वाराचा खरा प्रतिस्पर्धी रस्ता नसून हवा असते. सपाट रस्त्यावर ताशी चोवीस किलोमीटरवरून छत्तीस किलोमीटरवर जायचे, तर वेग दीडपटच वाढतो. पण हवेला बाजूला सारण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती तिपटीहून अधिक लागते. म्हणूनच वेगवान गट एकामागे एक अशी रांग धरतो. पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागच्यांना त्याच्या आडोशाने चतुर्थांश ते तृतीयांश श्रम वाचवता येतात. दोन-तीन मिनिटे झाली की पुढचा बाजूला होतो, रांगेच्या शेवटी येतो आणि दुसरा त्याची जागा घेतो. आकाशातील बगळ्यांची माळ पाहिली असेल, तर हा प्रकार लगेच ध्यानात येईल.

या रांगेत असण्याचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. एकट्याने कधी गाठता आला नसता असा वेग आपण सहज राखतो आहोत, आपल्या पायांची लय दहा जणांच्या लयीशी मिळाली आहे, ही जाणीव माणसाला वीस वर्षांनी तरुण करते. मात्र या आडोशाचा लाभ हवा असेल, तर पुढच्याच्या मागील चाकापासून आपले पुढचे चाक हात-दीड हात अंतरावर ठेवावे लागते. सारी गंमत त्या अंतरात आहे आणि सारा धोकाही.

त्या दिवशी जाताना काही विशेष घडले नाही. शिंदेवाडीच्या उतारावर डोंगरातून येणारे गढूळ पाणी रस्त्यावरून वाहत होते, तेव्हा आम्ही वेग आवरला. याच परिसरात जून २०१३ मध्ये डोंगरावरून अकस्मात आलेल्या लोंढ्याने महामार्गावरील मोटार अडवली आणि एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेली होती. तो प्रसंग पुणेकरांच्या विस्मरणात गेलेला नाही. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडल्यावर मात्र पाऊस थांबला, उजवीकडे राजगडाच्या दिशेचे डोंगर ढगांतून डोकावू लागले आणि आमची रांग आपोआप घट्ट झाली. सारोळ्याहून परत फिरलो, तेव्हा पाठीवर वारा होता. वेगमापकावर छत्तीसचा आकडा स्थिर होता.

कामथडीजवळ

भोर आणि राजगड (पूर्वीचे वेल्हे) हे भाताचे तालुके. जुलैच्या आरंभी येथे लावणीची घाई असते. चिखलणी करणारे ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्या खाचराकडे जाताना रस्ता ओलांडतात आणि त्यांच्या चाकांना चिकटलेला लाल-काळा चिखल डांबरावर पडत जातो. शेतकऱ्याचा त्यात काही दोष नाही. रस्ता त्याच्या शेतांमधून गेला आहे. त्याचे शेत रस्त्यात आलेले नाही.

कामथडीच्या अलीकडे असाच चिखलाचा एक पट्टा डाव्या कडेला पसरला होता. वरून पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. आमच्या पुढच्या गड्याला तो पट्टा अगदी जवळ आल्यावर दिसला. त्याने ओरडून सूचना दिली. पण शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या आवाजात आणि तिने उडवलेल्या पाण्याच्या फवाऱ्यात ती दुसऱ्याच्या पलीकडे पोचली नाही. त्याने ब्रेकला किंचित हात लावला. दुसरा सावरला. तिसरे होते आमचे हिशेबतपासनीस मित्र, वय त्रेचाळीस. त्यांचे पुढचे चाक पुढच्याच्या मागील चाकाला बाजूने टेकले. चाकाला चाक लागले की पुढचा बहुधा वाचतो आणि मागचा हमखास पडतो, कारण तोल सांभाळण्यासाठी पुढचे चाक मोकळे असावे लागते. ते डाव्या खांद्यावर आदळले, डोके डांबराला लागले आणि सायकलीसह काही अंतर घसरत गेले. त्यांच्या मागची प्राध्यापिका त्यांच्यावरच येऊन पडली. मी पाचवा होतो. मी साइडपट्टीच्या मातीत शिरलो आणि कसाबसा उभा राहिलो. यात माझे कौशल्य काही नव्हते. मला एक क्षण अधिक मिळाला, एवढेच.

मालमोटार पुढे निघून गेली होती. ती चार सेकंद उशिरा आली असती तर काय, हा विचार आजही रात्री मला जागा करतो.

अर्ध्या मीटरचा हिशेब

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ताशी छत्तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पुढे काही दिसले, ते मेंदूला उमगले आणि बोटांनी ब्रेक दाबला, यात सावध माणसाचाही जवळजवळ एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच दहा मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण दहा मीटर लागतील. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली असे धरले, तर वीस लागतील. एकूण तीस मीटर! आणि आमच्या दोन चाकांमधील अंतर होते अर्धा मीटर. ते अंतर संपायला सेकंदाचा विसावा भागही पुरतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. वेगवान रांगेची सुरक्षितता ब्रेकवर अवलंबून नसतेच. ‘पुढचा अचानक ब्रेक लावणार नाही’ या विश्वासावर ती उभी असते. कोरड्या, ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर हा विश्वास बहुतेक वेळा सार्थ ठरतो. पावसात तो ठेवायला जागाच राहत नाही. चष्म्यावर पाणी असते, पुढच्याच्या चाकाचा फवारा तोंडावर येतो, खड्डा पाण्याखाली दडलेला असतो, हाक ऐकू जात नाही आणि कडेने थांबण्याची जी ब्रेकची पट्टी असते तीच ओली असल्याने पहिली काही फिरकी पाणी पुसण्यात जातात. पावसाने एकच एक संकट आणले नव्हते. ज्या चार-पाच गोष्टींवर आमचा विश्वास टेकला होता, त्या सर्व त्याने एकदम काढून घेतल्या होत्या.

तोच हिशेब ताशी चोवीस किलोमीटरसाठी केला, तर ओल्या रस्त्यावर थांबायला सोळा मीटरच्या आसपास लागतात. वेग एक तृतीयांशाने उतरवला आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनीही हा एक आकडा लक्षात ठेवावा.

ओला रस्ता सर्वत्र सारखा निसरडा नसतो, हेही येथे सांगायला हवे. सर्वांत फसवे असतात ते पहिल्या पावसाचे दिवस आणि उघडिपीनंतर येणाऱ्या सरीची पहिली दहा-पंधरा मिनिटे. वाहनांतून गळलेले तेल, टायरांची झीज आणि धूळ यांचा थर पाण्यासोबत वर येतो. जोराचा पाऊस पडून गेला की तो बराचसा धुऊन निघतो. पांढरे-पिवळे पट्टे, पुलावरचे लोखंडी सांधे, गटारांची झाकणे, रस्त्यात ठोकलेले परावर्तक, पेट्रोल पंपासमोरचा इंद्रधनुषी तवंग आणि खडी-वाळूच्या गाड्यांनी सांडलेली कच या जागा ओळखून ठेवाव्यात. त्या टाळता आल्या नाहीत, तर त्यांच्यावरून सरळ जावे. तेथे वळू नये, ब्रेक लावू नये आणि जोराने पायडलही मारू नये.

पडल्यानंतरची पंधरा मिनिटे

आम्ही काय बरोबर केले आणि काय चुकलो, हे दोन्ही सांगतो.

बरोबर हे केले, की दोघे जण लगेच मागे धावले आणि लुकलुकते दिवे हातात धरून येणाऱ्या वाहनांना बाजूने वळवू लागले. अपघातस्थळी पहिले काम जखमीकडे धावण्याचे नसते. दुसरा अपघात होऊ न देणे हे पहिले काम.

चूक ही झाली, की मित्र स्वतः उठून बसले तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि एकाने त्यांना हात धरून उभे करायला घेतले. तेवढ्यात खाचरातून दोन माणसे धावत आली होती. त्यांतील एक वयस्कर शेतकरी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, दटावून म्हणाले, “उठवू नका त्यास्नी. बसू द्या. आधी इचारा, मान दुखती का.” आमच्या अकरा जणांत प्रथमोपचाराची पुस्तिका वाचलेले तिघे होते. ऐन वेळी आठवण झाली ती या बाबांना.

मान दुखत नव्हती. डावा खांदा मात्र पुढे झुकला होता आणि हात हलवताच ते कळवळत होते. दंतवैद्य मित्राने ओढणीसारखा एक पंचा घेऊन हात छातीशी बांधला. शेतकऱ्यांच्या घरून एक ताई कळशीभर स्वच्छ पाणी घेऊन आल्या. त्या पाण्याने प्राध्यापिकेचा सोललेला गुडघा आणि कोपर धुतले. मित्र मात्र सारखे म्हणत होते, “मी ठीक आहे, हळूहळू येतो सायकलीवरच.” दोन मिनिटांनी त्यांनी विचारले, “आपण कापूरहोळला पोचलो का?” कापूरहोळ आम्ही मघाच मागे टाकले होते. तो प्रश्न ऐकून आम्ही सारे गप्प झालो. हेल्मेट काढून पाहिले, तर आतील फेसाचा थर उभा चिरलेला होता.

त्यानंतर वाद उरला नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयात तपासणी झाली. गळ्याजवळचे हाड, ज्याला आपण हंसळीचे हाड म्हणतो, ते मोडले होते. मेंदूला मुका मार होता. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. हेल्मेट नसते तर हा लेख लिहिण्याची वेळ कदाचित आलीच नसती. लिहावे लागले असते ते दुसरेच काही.

या अनुभवातून आणि नंतर डॉक्टरांनी सांगितल्यातून जे शिकलो, ते प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे. डोक्याला मार लागलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी ते प्रमाण मानू नये. तो गोंधळलेला वाटला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, त्याला प्रसंगाची आठवण राहिली नाही, तर त्याने त्या दिवशी सायकलीवर बसूच नये. पुढील चोवीस ते अठ्ठेचाळीस तास कोणीतरी सोबत असावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागे करूनही न उतरणारी गुंगी, बोलण्यात जडपणा, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पाणी वा रक्त येणे यांपैकी काहीही दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना दाखवण्यापूर्वी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मान दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर जाणकार येईपर्यंत हलवू नये आणि हेल्मेट ओढून काढू नये. एकदा आपटलेले हेल्मेट, वरून कितीही चांगले दिसले, तरी पुन्हा वापरू नये.

सोललेली जखम भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. आतील कच निघाली पाहिजे. हळद, टूथपेस्ट, माती असे काही लावू नये. चिखल-मातीची जखम असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारून ती पुन्हा घ्यावी.

आणखी एक. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस-कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतील, ही भीती आता मनातून काढावी. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही. कामथडीच्या त्या बाबांना यातले काही ठाऊक नसावे. ते कायदा विचारून धावले नव्हते.

वेग आणि श्रम

त्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. कधी नव्हे ते घरचे लोकही आले होते. तरुणांपैकी एकाने ठाम बाजू मांडली. स्पर्धेच्या दिवशी पाऊस आला तर? ओल्या रस्त्याची सवय असायलाच हवी. म्हणणे चुकीचे नव्हते. मग जखमी मित्राच्या पत्नी उठल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारले, “त्या रविवारी तुम्ही कोणाला गाठायला निघाला होता?” कोणाजवळ उत्तर नव्हते. पुढे कोणी नव्हतेच.

मला त्या वेळी २०२० च्या ‘टूर द फ्रान्स’ची पहिली फेरी आठवली. २९ ऑगस्ट रोजी नीस शहराभोवती ती झाली. दीर्घ उघडिपीनंतर पाऊस पडला आणि रस्ते साबणासारखे झाले. जगातील सर्वांत निष्णात सायकलपटू एकामागून एक पडू लागले. तेव्हा जर्मनीच्या टोनी मार्टिनने पुढे येऊन दोन्ही हात पसरले आणि सर्वांना सबुरीची खूण केली. ज्यांची उपजीविका वेगावर आहे, ज्यांच्या मागे डॉक्टर आणि गाड्या असतात, ज्यांच्यासाठी रस्ते रिकामे ठेवलेले असतात, त्यांनी उतारावर आपणहून वेग सोडला. एका संघाने तेवढ्यात पुढे निसटू पाहिले; त्यांचाच प्रमुख खेळाडू एका वळणावर घसरला. सावकाश जाणाऱ्यांना त्या दिवशी कोणी भित्रे म्हटले नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तीही कोरड्या हंगामात आणि वाहतूक थांबवून. आम्ही मात्र भर पावसात, चालू महामार्गावर, कोणीही न लावलेली शर्यत लावून बसलो होतो.

बैठकीत तोडगा निघाला तो प्राध्यापिकाबाईंच्या एका वाक्यातून. गुडघ्याला पट्टी बांधलेली असतानाच त्या म्हणाल्या, “आपल्या हृदयाला वेग कळत नाही, त्याला श्रम कळतात.” हे वाक्य मी त्यानंतर अनेकांना ऐकवले आहे. हृदयाचे ठोके, फुप्फुसांची क्षमता, मांड्यांची ताकद ही वाढतात ती श्रमांनी. सपाट रस्त्यावर जोराचे श्रम केले की वेग येतो. चढावर तेच श्रम केले की उंची येते. जुन्या कात्रज घाटात ताशी बारा किलोमीटरने चढताना छाती तितकीच धडधडते, घाम तितकाच येतो. पण तेथे थांबायला पाच-सहा मीटर पुरतात आणि पडलाच तर माणूस खरचटून उठतो. शिवाय चढावर हवेचा अडथळा नगण्य असल्याने चाकाला चाक लावून जाण्याची गरजच राहत नाही.

म्हणून आता आमचे नियम असे आहेत. रस्ता ओला असला की रांग नाही. दोघांत किमान तीन-चार सायकलींचे अंतर. जोराचा सराव करायचा तो चढावर, ज्याचा त्याने आपल्या दमाने. उतारावर प्रत्येक जण एकटा आणि सावकाश. पावसात सायकल चालवण्याची सवय हवी असेल, तर ती वेगाची नव्हे, हाताची करावी. वळणापूर्वी वेग आवरणे, दोन्ही ब्रेक हळुवार व आधीपासून लावणे, वळणात सायकल कमी झुकवणे हे सारे मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी शिकता येते. टायरमधील हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे पकड वाढते. झिजलेला टायर पावसाळ्यापूर्वीच बदलावा. मागच्या चाकावर चिखलरोधक हवाच. त्याने आपली पाठ आणि मागच्याचे डोळे दोन्ही वाचतात. पुढे-मागे दिवे दिवसाही चालू. हवामान विभागाने घाटमाथ्यासाठी नारिंगी वा लाल इशारा दिला असेल, तर त्या दिवशी फेरी रद्द. घरात स्थिर सायकल किंवा सूर्यनमस्कार. यावर चर्चा नाही.

भिजलेले शरीर

पावसाळी सरावाचे शरीरावर होणारे परिणाम पुष्कळदा दुर्लक्षिले जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे चिंब अंगाने, वाऱ्यात, उतारावरून येताना बावीस-तेवीस अंश तापमानातही हुडहुडी भरू शकते. बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो. एक पातळ वारारोधक जाकीट खिशात असावे आणि चहासाठी दीर्घकाळ ओल्या कपड्यांत बसू नये. घरी येताच कोरडे कपडे, मग गरम काही. जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या न ठेवल्यास नायटा आणि चिखल्या ठरलेल्याच.

याच्या उलट, तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे टाळू नये. दमट हवेत घाम वाळत नाही, पण निघत असतो. अर्ध्या तासाने दोन-चार घोट घेत राहावे. बाटलीच्या तोंडावर रस्त्याचा चिखल, त्यात शेण-मूत्रही उडत असते. म्हणून झाकण असलेली बाटली वापरावी, नाहीतर सोमवारी पोट तक्रार करते. अंगावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू सोललेल्या त्वचेवाटे शिरतात. अशा पाण्याशी संबंध आल्यावर पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे असे काही झाले, तर अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावे आणि पाण्यात गेल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

घरच्यांसाठी

ज्यांच्या घरात असा सायकलवेडा आहे त्यांनी त्याला अडवू नये, अशी माझी विनंती आहे. प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम किंवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोरकस व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकल हे सारे आनंदाने घडवून आणते. पण तीन प्रश्न घरच्यांनी अवश्य विचारावेत. कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी परतणार? सोबत कोण, आणि ओल्या रस्त्यावर तुमच्या गटाचा नियम काय? चाळिशी उलटल्यानंतर हृदयाची, रक्तदाबाची, साखरेची तपासणी शेवटची कधी केली? श्रम करताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अवाजवी धाप, अंधारी यांतले काही जाणवले, तर फेरी तेथेच संपते. ‘गटाच्या मागे पडेन’ हे कारण त्यापुढे चालत नाही. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत असू द्यावी. मोबाइलला कुलूप असते, चिठ्ठीला नसते.

आमच्या मित्राचे हाड दहा आठवड्यांत जुळले. शस्त्रक्रिया लागली नाही. त्या नोव्हेंबरात ते स्पर्धेत उतरले नाहीत. संघाच्या गाडीत बसून पाणी आणि केळी देण्याचे काम त्यांनी केले. स्पर्धेच्या त्या दिवसांत आकाश निरभ्र होते.

दिवाळीनंतरच्या एका कोरड्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. कामथडीजवळ गटाने कोणी न सांगता वेग उतरवला आणि आम्ही कडेला थांबलो. भाताची कापणी झाली होती, खाचरांत पेंढ्या रचलेल्या होत्या. ते बाबा खळ्यावर भेटले. आम्ही मिठाईचा पुडा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि आमच्यातील प्रत्येकाकडे निरखून पाहत विचारले, “ते पडलेले कोनते?” मित्र पुढे झाले, डावा हात खांद्याच्या वर नेऊन दाखवला. बाबा हसले. म्हणाले, “बरं झालं. आता सवडीनं जावा.”

परतीच्या वाटेवर पुढे कोणी जायचे यावरून आमच्यात वाद झाला नाही. सर्वांत पुढे मित्रच होते आणि वेग त्यांनी ठरवायचा होता.